कोपऱ्यावरच्यांचा चार्जर गेला म्हणे

"ऐकलंस का, कोपऱ्यावरच्यांच्या इलेक्ट्रिक गाडीचा चार्जर गेला!"

काकूंनी कुंपणावरून कढीपत्त्याची डहाळी दिली ती या बातमीसकट. काकू एमएसईबीच्या मीटर टेस्टिंगमधून रिटायर झालेल्या. कुणाच्या घरात किती लोड आहे ते त्यांना बाहेरच्या वायरवरून कळतं, आणि घरात काय चाललंय ते आवाजावरून.

"गेला म्हणजे? चोरीला?"

"चोरीला कशाला जातोय! जळला. धूळ बसू नये म्हणून त्यांच्या सूनबाईंनी त्याला क्रोशाचं कव्हर विणलं होतं. गुलाबी. पंख्याची जाळी त्याच्या आत. चार-पाच तास तो बिचारा स्वतःचीच गरम हवा ओढत बसायचा. किती दिवस टिकणार?"

"अगंबाई! म्हणून काल कोपऱ्यावरचे काका आमच्याकडे आले होते होय? 'एक रात्र तुमचा चार्जर द्या' म्हणाले. उसनी साखर मागावी तसे वाटी घेऊन दारात. म्हणजे वाटी नव्हती, पण तोंड तसंच. आमच्या यांनी काढून दिलाही असता. 'पिन तर बसते' म्हणे."

काकूंनी कपाळाला हात लावला.

"पिन बसते! पिन बसण्याला काडीचा अर्थ नाही. या स्वस्तातल्या बऱ्याच गाड्यांना कॉम्प्युटरच्या वायरीसारखी तीन खाचांची पिन असते. एका कंपनीचा प्लस जिथे, तिथे दुसरीचा मायनस असू शकतो. आणि घाईत कुणी खरोखरीची कॉम्प्युटरची वायर भिंतीतून थेट गाडीत खुपसली, तर २३० व्होल्ट सरळ बॅटरीत. तुमच्याकडे तशी वायर पडलेली असेल तर आधी उचलून माळ्यावर टाक."

"पण काकू, दोन्ही गाड्या ६० व्होल्टच्याच आहेत. आमच्याही बॅटरीवर साठ, त्यांच्याही."

"साठ हा नुसता बोलायचा आकडा. त्यांची गाडी लेड अ‍ॅसिडवाली. सीटखाली बारा-बारा व्होल्टच्या पाच बॅटऱ्या ओळीनं. त्यांचा चार्जर ७३-७४ पर्यंत चढतो. तुमची लिथियम. त्यातही तुमच्यासारख्या हलक्या, छोट्या पेटीत बहुधा एनएमसीचे सेल असतात. एकेक सेल भरला की ४.२ व्होल्ट. एकामागे एक सोळा जोडलेले असले तर सोळा गुणिले ४.२?"

"सदुसष्ट... आणि वर काहीतरी."

"६७.२. आता उलट, त्यांचा चार्जर तुमच्या गाडीला लावलास तर? त्र्याहत्तर आणि काहीला सोळानं भाग. प्रत्येक सेलवर साडेचारच्याही वर."

"पण बॅटरीत ते बीएमएस असतं ना? व्होल्टेज जास्त झालं की तोडतं म्हणतात."

"असतं, आणि तोडतंही. पण ती अडीनडीची सोय आहे, रोज त्याच्या भरवशावर चार्जिंग करायचं नसतं. एखाद्या दिवशी ते चिकटून बसलं तर पुढे अडवायला कुणी नाही. शिवाय लेड अ‍ॅसिडचे चार्जर बॅटरी भरल्यावरही थोडं थोडं ढकलतच राहतात. लिथियमला ते नको असतं. भरली की बंद, एवढंच तिला हवं."

मी डहाळी पदराला खोचली. आता बातमीपेक्षा माझंच काम निघालं होतं.

"काकू, मला दुसरा चार्जर घ्यायचाच आहे. लेक रोज क्लासहून मावशीकडे जाते, तिथे एक पडलेला बरा. तिची ती पंचवीसच्या वर न पळणारी गाडी, लायसन्स नको, पासिंग नको म्हणून घेतलेली. पण जिथून घेतली ते शोरूमच बंद झालं. आता तिथे मोमोज मिळतात."

"चांगले असतात का?"

"बरे आहेत. पण चार्जर कुठून आणू? ऑनलाइन नऊशेपासून चार हजारांपर्यंत काहीही दिसतं."

"आधी दुकान शोधू नकोस, आधी लेबल वाच. जुन्या चार्जरच्या पाठीवर काय लिहिलंय? इनपुट नको सांगू, आउटपुट सांग."

मी आत जाऊन फोटो काढून आणला. ६७.२ व्होल्ट, ६ अँपिअर.

"बघ, नशीब. सोळाचीच निघाली. पण माझ्या अंदाजावर घेऊ नको हं कधी. साठचीच बॅटरी सतरा सेलांची असली तर ७१.४ लागतात. आणि आत एलएफपीचे सेल असले, म्हणजे ते लोह-फॉस्फेटवाले, तर त्यांचा एकेक सेल ३.६५ ला भरतो. वीस असले की ७३. बॅटरी तिन्ही ठिकाणी साठचीच म्हणायची, आणि चार्जर तिन्हींचा वेगळा. म्हणून पहिला आकडा जसाच्या तसा हवा, दशांशासकट. तिथे 'एखाद-दुसरा व्होल्ट इकडे तिकडे चालतो हो ताई' म्हणणाऱ्याच्या दुकानातून उठून यायचं."

"आणि सहा अँपिअर?"

"तो आकडा कमी चालतो. पैसे वाचवायची जागा तीच. तुमची बॅटरी कितीची? तीस एएच? मग सहा अँपिअरनं पाच तास, शेवटी थोडा धीमा होतो तो वेळ धरून साडेपाच. तीन अँपिअरचा घेतलास तर दहा-अकरा तास. मावशीकडे गाडी किती वेळ उभी असते?"

"दोन-तीन तास."

"मग तिथे टाकी भरायची नाहीच, घरी यायपुरतं पोटात गेलं की झालं. तीनचा पुरे. किंमतही कमी, तापतोही कमी. दुकानदार तुला दहाचा दाखवेल, 'फास्ट आहे' म्हणून. बॅटरीच्या लेबलवर जास्तीत जास्त चार्जिंग करंट लिहिलेला असतो. दहा त्यात बसत असला तरी रोज धावपळ नसताना कशाला? आणि पंधराचा वगैरे घेतलास तर भिंतीतून हजार वॅटच्या वर ओढतो, मग पॉवर पॉइंटच लागतो. तुमचा सहावाला साडेचारशेच्या आसपास वॅट घेतो, साध्या प्लगवर चालतो. अख्खी बॅटरी भरायला साधारण दोन युनिट."

"दोनच? हे तर ओरडत असतात, बिल गाडीमुळे वाढलं म्हणून."

"बिल त्यांच्या गिझरमुळे वाढलंय. अर्धा तास चालू असतो, मला इथे मीटरचं ब्लिंकिंग दिसतं."

हे यांना सांगायचं मी मनात टिपून ठेवलं.

"मधल्या घरच्या सुनेचं बरं आहे," मी म्हटलं, "मोठ्या कंपनीची गाडी. चार्जरचे पैसेच परत मिळाले तिला म्हणे."

"मिळालेत. तिच्या सासूनं सगळ्या गल्लीला सांगितलंय. ते प्रकरणच तसं होतं. सरकारची सबसिडी हवी तर गाडीची किंमत दीड लाखाच्या आत हवी होती. मग काहींनी चार्जर गाडीतून काढला आणि त्याचं वेगळं बिल लावलं. सरकारनं हरकत घेतली. २०२३ च्या मे महिन्यात चार मोठ्या कंपन्यांनी ते पैसे परत द्यायचं कबूल केलं. चार्जर म्हणजे गाडीचाच भाग, हे तेव्हा कुठे ठरलं."

"आणि सगळ्यांना एकच पिन का नाही करत? मोबाइलला केली तशी."

"मानकं ठरवणाऱ्या बीआयएसनं केलीय ना एक, २०२३ सालीच, हलक्या गाड्यांसाठी. पण तुझ्या लेकीच्या गाडीला त्याचा काय उपयोग? तिचं भोक आहे तेच राहणार. तू दुकानात जाताना तीन फोटो ने. बॅटरीचं लेबल, जुन्या चार्जरचं लेबल आणि पिन, समोरून. जमलं तर जुना चार्जरच पिशवीत टाक. म्हणजे प्लस-मायनस तिथल्या तिथे जुळवता येईल."

"तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रिक बाजारात जाऊ?"

"जा की. तिथे भाव कळतो. पण आपल्या चौकात तो बॅटरी दुरुस्त करणारा मुलगा बसतो ना, त्यालाही विचार. पन्नास-शंभर जास्त घेईल, पण उद्या बिघडला तर त्याच्या तोंडासमोर नेऊन आपटता येतो. बिल घे. त्यावर व्होल्ट, अँपिअर आणि 'लिथियम' लिहून घे. सहा महिन्यांची वॉरंटी म्हणाला तर तीही. तोंडी वॉरंटीचं आयुष्य दुकानाच्या पायरीपर्यंत."

"ऑनलाइन एक होता, 'लिथियम आणि लेड अ‍ॅसिड दोन्हींना चालेल' लिहिलेला. अकराशे."

"त्याच्या वाटेला जाऊ नको. ज्यात बदलायची सोय असते असे चार्जर असतात, पण ते अकराशेत देत नाहीत. नुसतं लिहून दोन्हींना चालत नसतं. आणि हातात घेऊन बघ. साडेचारशे वॅटचा चार्जर एवढुसा आणि पोकळ लागला, तर आत गाळलेल्या वस्तूंचे पैसे वाचवलेत समजायचं. ॲल्युमिनियमच्या अंगाचा, बिनपंख्याचा मिळाला तर आपल्याकडच्या धुळीत बरा. पंख्याचा घेतलास तर जाळी मोकळी ठेव. तीन पिनांचा प्लग बघ. अर्थिंगची मोठी पिन कापून दोन पिनांच्या भोकात घालणारी माणसं मी नोकरीत फार पाहिली."

काकू आत गेल्या आणि एक पिवळा मल्टिमीटर घेऊन आल्या. कुंपणावरून तो माझ्या हातात दिला.

"हा ने. दुकानात चार्जर भिंतीत लावायला सांग, गाडीला नाही. डीसीवर ठेवून पिनेवर धर. ६७.२ च्या जवळ दाखवला पाहिजे. अडुसष्ट-एकोणसत्तर दाखवला तर परत. काही चार्जर बॅटरी जोडल्याशिवाय शून्यच दाखवतात, ते खोटे नसतात. तसा असला तर गाडी घेऊनच जा. पूर्ण भरल्यावर दिवा हिरवा झाला की बॅटरीवरचे व्होल्ट बघायचे. आणि हिरव्यानंतर अर्ध्या तासानं चार्जरला हात लाव. गार व्हायला लागला पाहिजे. तसाच तापलेला असेल तर दिवा खोटं बोलतोय."

"इतकं करतं कोण, काकू?"

"आपण." काकूंचा आवाज जरा खाली आला. "वसईला २०२२ साली रात्री घरात चार्जिंगला लावलेली बॅटरी फुटली आणि एक लहान मुलगा गेला. त्या वर्षी आगी फार झाल्या. सरकारनं बॅटरीचे नियम कडक केले, डिसेंबर २०२२ पासून आणि मग पुढच्या मार्चअखेरीपासून. पण ते गाडी बनवणाऱ्यांना. बाजारातून तू वेगळा उचललेला डबा तपासायला कोण येणार? मावशीला सांग, जिन्याखाली नाही, दाराच्या वाटेत नाही, गादी-पडद्याजवळ नाही. उन्हातून आलेली गाडी लगेच लावायची नाही, अर्धा-पाऊण तास निवू द्यायची. आणि सगळे झोपल्यावर तर नाहीच."

"इन्व्हर्टरवर चालेल का? तिकडे लाइट जाते."

"घरचा साधा इन्व्हर्टर पंखे-दिव्यांसाठी असतो. त्यावर नको. लाइट आल्यावर लाव."

तेवढ्यात कोपऱ्यावरचे काका रस्त्यानं येताना दिसले. हातात नवा खोका. काकूंनी मान उंचावली.

"केवढ्याला बसला?"

"अठराशे सांगत होता, बाराशेला पाडला!" काका खुशीत.

"आधी पसंत केलात की आधी भाव केलात?"

"भाव आधी. मग तो आतून हा घेऊन आला."

काकू माझ्याकडे वळल्या. "ऐकलंस? तू चार्जर मीटरवर तपास, बिलावर लिहून घे, पिशवीत टाक, आणि मग घासाघीस कर. आधी केलीस तर तो आतून दुसराच डबा काढतो." मग काकांना म्हणाल्या, "आणा इकडे तो. उघडू नका अजून. सूनबाईंना सांगा, कव्हर विणायला बसू नका. आणि मल्टिमीटर दे गं परत, पाच मिनिटांसाठी."