तरुणांचा वर्ग : नवख्या शिक्षकासाठी नियमावली

उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी खांद्यावर हात ठेवला की नेमणूक झाली असे समजावे. अर्ज, मुलाखत, प्रशिक्षण यांची पद्धत नाही. १७८० साली इंग्लंडात ग्लॉस्टरला रॉबर्ट रेक्स यांनी रविवारची शाळा सुरू केली, तेव्हा आठवडाभर राबणाऱ्या पोरांच्या खिशात निदान मोबाइल तरी नव्हता. गिरगाव-दादरच्या मराठी मंडळीतल्या शिक्षकाच्या नशिबी तेवढे सुख नाही.

पाठ किती लांबवावा, यासाठी प्रेषितांची कृत्ये, अध्याय २० वाचावा. त्रोवसात पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला. खिडकीत बसलेल्या युतुख नावाच्या तरुणाला झोप अनावर झाली आणि तो तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. पौलाने खाली जाऊन त्याला कवटाळले, पोरगा वाचला. मग पौल वर आला, भाकर मोडली आणि उजाडेपर्यंत पुन्हा बोलत बसला. नवख्या शिक्षकाला या गोष्टीतला शेवटचा भाग तेवढा फार भावतो. मधला चमत्कार आपल्याला जमणारा नाही, हे तो विसरतो. म्हणून एकट्याने पंधरा मिनिटांच्या वर बोलू नये, आणि खिडकीतल्या पोराला आधी पुढे बसवावे.

‘यातून आपण काय शिकतो?’ असे कधीही विचारू नये. ‘प्रार्थना करावी’ हे उत्तर लहानपणापासून संडे स्कूलमध्ये मुरलेली मुले झोपेतही देतात. त्यापेक्षा विचारावे : उधळ्या पुत्राच्या थोरल्या भावाचे नेमके काय चुकले? घर चालवणारा एखादा पोरगा लगेच सरसावून बसतो. प्रश्न टाकल्यावर मात्र मनात दहापर्यंत आकडे मोजावेत. बहुतेक शिक्षक तिसऱ्या आकड्यालाच स्वतः उत्तर देऊन मोकळे होतात आणि वर तक्रार करतात, की आजची पिढी बोलत नाही. अहो, बोलू द्याल तर बोलेल ना! बारा वर्षांचा येशू मंदिरात गुरुजनांमध्ये बसून ऐकत होता, प्रश्न विचारत होता, असे लूक लिहितो. गुरुजनांनी त्याला गप्प केल्याची नोंद नाही.

गिटारवाला आला नाही म्हणून गाणे रद्द करू नये. नारायण वामन टिळकांची गीते टाळ्यांवरही रंगतात.

उशिरा येणाऱ्याला टोमणा मारू नये. चाळीतली खोली सुटून घर डोंबिवलीला गेले तरी मंडळी गिरगावचीच राहिलेली असते, आणि रविवारी मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक. त्याचे वेळापत्रक शनिवारीच ग्रुपवर टाकावे. काही रविवार तर सोडूनच द्यावेत. ७ सप्टेंबर २०२५ ला लालबागच्या राजाचे विसर्जन रखडून मूर्ती रात्रीपर्यंत गिरगाव चौपाटीवर खोळंबली होती. अशा दिवशी हजेरीवरून कोणाच्या श्रद्धेचे माप काढू नये.

मागच्या बाकावर एक माजी शिक्षक हटकून असतात. ‘आमच्या वेळी वचने पाठ असायची’ हे त्यांचे वचन मात्र सगळ्यांना पाठ असते. ते मध्येच उठून नवख्याचा संदर्भ दुरुस्त करतात, तोही बरोबर. त्यांच्याशी वाद घालू नये. हजेरीचे पुस्तक त्यांच्या हाती द्यावे. सलग तीन रविवार कोण आले नाही, कोणाच्या वडिलांची नोकरी गेली, कोणाची बारावी अडली, हे त्यांना माहीत असते आणि संध्याकाळी ते स्वतः फोन करतात. नवख्याने तोवर खुर्च्या उचलाव्यात.