धरायचं कुठून?

आमची जुनी जीप गेल्या पावसाळ्यापासून मागून घूं करू लागली. नालासोपाऱ्याहून गासला रिकामी परतताना आवाज स्पष्ट यायचा. केळीचे घड भरले की घडच जास्त कुरकुरायचे. मेस्त्री गाडीखाली शिरला. बाहेर राहिलेल्या पायांकडून निदान आलं, "सर, क्राउन-पिनियन. डिफरन्शियलचं हाउसिंग खोलावं लागणार."

डिफरन्शियल काय करतं, हे गासच्या माणसाला शिकवायला नको. वाडीच्या कुंपणाशी गल्ली अशी वळते की आतलं चाक जागीच घोटाळतं आणि बाहेरच्याला लांबचा फेरा पडतो. दोघांना एकाच दांड्याला जखडलं तर एकाने फरफटायचं. पेकर नावाच्या फ्रेंच माणसाने १८२०च्या दशकात यावरच्या तोडग्याचं पेटंट घेतलं. एकत्र कुटुंबात राहिलेल्या कोणालाही तो आधीच सुचायला हरकत नव्हती.

खरी गोम शिममध्ये आहे. माझगावात विलीज जीप जोडल्या जायच्या, तेव्हापासूनच्या या ॲक्सलमध्ये शिमच्या पातळ चकत्या बेअरिंगच्या मागे दडलेल्या असतात. दात्यांमधली ढील पाच ते दहा थाऊ, म्हणजे डोक्याच्या दोन-तीन केसांएवढी. ती साधायची तर दात्यांना निळा रंग लावून फिरवायचं, ठसा पाहायचा, बेअरिंग काढायचं, शिम बदलायची, पुन्हा बसवायचं. चुकलं की परत पहिल्यापासून.

मेस्त्रीकडे तीन पायांचा पुलर होता. त्याने स्क्रू आवळला. टक्! जाळी आणि रोलर त्याच्या मांडीवर, आतली रिंग मात्र जागच्या जागी. पायांनी धरलं होतं जाळीला, आणि घट्ट बसलेली होती रिंग. "जुनंच होतं," तो म्हणाला. बाकी काय म्हणणार?

दुसरा पुलर शोधायला मी मुंबईची नागदेवी स्ट्रीट गाठली. दुकानदाराने आधी दोन अर्धचकत्यांचा सेपरेटर दाखवला. त्याची पातळ धार बेअरिंगच्या मागच्या फटीत शिरते. मग एक अजब वस्तू ठेवली: तिसऱ्यांच्या शिंपल्यासारखे दोन भाग, जे रोलरना वळसा घालून थेट आतल्या रिंगेची कड धरतात. किंमत ऐकून मी तीन पायांवाल्याकडे पुन्हा प्रेमाने पाहिलं.

"बेअरिंग फेकायचं असेल तर तो घ्या," दुकानदार म्हणाला. "परत घालायचं असेल तर हा."

मी शिंपला घेतला, आणि लोकलचं भाडं वसूल व्हावं म्हणून सेपरेटरही.

परत येतो तो मेस्त्रीने डब्यातली दोन टाकाऊ बेअरिंगं आतून एमरीने घासून ठेवलेली. हाताने सरकतात, हाताने निघतात. त्यांच्यावर चार वेळा मापं झाली, निळा ठसा दात्यावर मधोमध आला, मगच नवी बेअरिंगं ठोकली. माझ्या शिंपल्याला दुसऱ्या बाजूचं एक जुनं बेअरिंग काढण्यापुरतं काम मिळालं. ते अख्खं निघालं, हे मी घरी दोनदा सांगितलं. बायकोने किंमत एकदाच विचारली.

परवा शेजारच्या वाडीतला पोरगा आला. "सर, पुलर देता? पंपाच्या मोटरचं बेअरिंग काढायचंय."

"धरणार कुठून?"

"कुठूनपण. आवळला की येतंय."

मी सेपरेटर उचलला आणि चपला शोधू लागलो.