तेव्हा यायला हवे होते

ज्यांची पावले आपल्याआधी सर्वत्र उमटून गेलेली असतात, अशा गृहस्थांचा परिचय वाचकांस नव्याने करून देण्याचे प्रयोजन नाही. आपण सहकुटुंब महाबळेश्वरास पोचावे आणि त्यांनी सांगावे की, महाबळेश्वर पाहावे ते घाटात मोटारींची रांग लागू लागण्यापूर्वी. आपण हौसेने हापूसची पेटी फोडावी आणि त्यांनी देठ हुंगून, खरा हापूस कोणे एके काळी कसा दरवळत असे याचे करुणरसपूर्ण वर्णन करीत त्याच पेटीतल्या चार आंब्यांचा फडशा पाडावा. हा अनुभव ज्याच्या गाठी नाही असा मराठी माणूस विरळा. या जातीस मुलूख, सरहद्द वा पारपत्र यांची आडकाठी होत नाही, याचा साक्षात दाखला मला शांघायमध्ये मिळाला. येथल्या मराठी मंडळींत त्यांना सारे बापूसाहेब म्हणतात.

बापूसाहेब मूळचे सांगलीकडचे, यंत्रसामग्रीच्या खरेदीविक्रीत मुरलेले. 2004 साली ते या शहरात दाखल झाले आणि शालिवाहनाच्या तोडीस तोड असा स्वतःचा शक त्यांनी त्याच वर्षापासून सुरू केला. त्या साली विमानतळाकडची चुंबकीय आगगाडी उतारूंसाठी नुकती खुली झाली होती. ह्वांगपू नदीच्या पूर्वतीरावर आज जे तीन उत्तुंग इमारतींचे त्रिकूट मिरवते, त्यांपैकी 1999 साली पुरी झालेली जिन माओ तेवढी एकटी उभी होती. आणि आज आठशे किलोमीटरांहून अधिक पसरलेल्या मेट्रोच्या मार्गिका बोटांवर मोजता येत होत्या. त्यानंतर जे जे घडले, तो सारा बापूसाहेबांच्या लेखी कलियुगाचा विस्तार होय. नवख्या माणसाने 632 मीटर उंचीच्या शांघाय टॉवरचे टोक दिसावे म्हणून मान मागे टाकावी, तोच शेजारून आवाज येतो, “हे काहीच नाही. तुम्ही तेव्हा यायला हवे होते.”

तेव्हा म्हणजे केव्हा, हे विचारण्याची सोय नाही. कारण ही तारीख ऐकणाऱ्याच्या आगमनाच्या तारखेवरून मुक्रर होत असून ती तिच्या अलीकडे कधीही येत नाही. 2010 साली आलेल्यास ते सांगतात की, जागतिक प्रदर्शनाची बांधकामे निघण्यापूर्वीचे शांघाय ते खरे शांघाय. आणि 2018 साली आलेल्यास त्याच प्रदर्शनाच्या वर्षाचे गुणगान ऐकवतात. चीनचे सरकार आंतरराष्ट्रीय वाहनपरवाना मानीत नसल्यामुळे परक्या माणसालाही येथे लेखी परीक्षेस बसावे लागते. शंभर प्रश्न आणि उत्तीर्ण होण्यास नव्वद उत्तरे बरोबर, असा कडक मामला. ती परीक्षा उतरल्याचे वर्तमान मी त्यांना उत्साहाने सांगितले, तेव्हा ते क्षणभर स्तब्ध राहिले आणि म्हणाले, “आमच्या वेळचे प्रश्न अवघड असत.”

अशा गृहस्थास बरोबर घेऊन वसंत ऋतूतल्या सुट्टीच्या दिवशी एखादे प्राचीन जलनगर पाहण्यास निघणे हे मनःस्वास्थ्यास पोषक नव्हे, हे मला ठाऊक होते. परंतु वाट त्यांना ठाऊक होती, भाषा त्यांना अवगत होती, आणि ‘येता का’ असे मी विचारण्यापूर्वीच त्यांनी ‘येतो’ म्हणून टाकले होते.

एप्रिलच्या आरंभी येणारा छिंगमिंग हा चिनी लोकांचा पितरांचा सण. थडगी झाडून स्वच्छ करावी, धूप जाळावा आणि मग नव्या हिरवळीवर मनसोक्त हिंडावे, असा त्याचा दुहेरी विधी आहे. 2012 पासून अशा मोठ्या सुट्ट्यांत लहान मोटारींना द्रुतगती मार्गावरची पथकर माफी मिळू लागल्यामुळे, पूर्वजांना भेटण्यास निघालेली आणि पूर्वजांचा संबंध नाही अशा ठिकाणी मौजेखातर निघालेली, अशी उभयविध प्रजा एकाच सकाळी रस्त्यावर उतरते. आम्ही साडेपाचला निघण्याची तजवीज केली होती. पाचच्या ठोक्याला खाली पाहतो तो बापूसाहेब आमच्या मोटारीशेजारी घड्याळाकडे पाहत उभे. “चारला निघायला हवे होते,” ते म्हणाले. आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य निघाले, हा त्या सकाळचा पहिला मनस्ताप. छोंगछिंगकडे जाणाऱ्या त्या प्रशस्त मार्गावर छिंगफूच्या अलीकडेच मोटारी मुंगीच्या पावलांनी सरकू लागल्या.

दुतर्फा मोहरीच्या जातीच्या पिकाची पिवळीधमक शेते पसरली होती. आमच्या सौभाग्यवतींनी काच खाली करून ती डोळे भरून पाहिली आणि मागे न वळताच विचारले, “बापूसाहेब, ही फुले तरी यंदाचीच ना?”

“फुले यंदाचीच,” ते गंभीरपणे म्हणाले, “पण पिवळा रंग पूर्वी याहून गडद असे.”

वाटेत झूजियाजियाओ या दुसऱ्या जलनगराची पाटी लागली. ते कसे काय आहे, असे मी विचारताच त्यांनी उद्गार काढले, “ते संपले. तिथे 2017 साली मेट्रो गेली.” एखाद्या आप्ताच्या निधनाची वार्ता द्यावी, तशा स्वरात.

आम्ही निघालो होतो ते झौझुआंग हे सुझौ प्रांतभागातील खुनशान तालुक्याचे गाव. त्याची आख्यायिका 1086 सालापासून सुरू होते, कारण त्या वर्षी झौ नावाच्या एका अंमलदाराने आपले घर आणि जमीन बौद्ध मठास दान दिली आणि लोकांनी गावास त्याचे नाव दिले. पण आजचा जो लौकिक, तो दोन चिमुकल्या पुलांचा आहे. मिंग सम्राट वानली याच्या कारकिर्दीत बांधलेले हे पूल, एक अर्धवर्तुळ कमानीचा आणि दुसरा चौकोनी गाळ्याचा, दोन कालव्यांच्या संगमावर काटकोनात एकमेकांना भिडलेले आहेत. छेन यिफेई या चित्रकाराने त्यांचे एक तैलचित्र काढून त्यास ‘गावची आठवण’ अशा अर्थाचे नाव दिले. 1984 साली न्यूयॉर्कमध्ये ते आर्मंड हॅमर नामक अमेरिकन तेलसम्राटाने विकत घेतले आणि पुढे चीनभेटीत देंग श्याओपिंग यांना नजर केले. तोवर नावेखेरीज जेथे जाण्याची धड सोय नव्हती, ते गाव त्यानंतर जगाच्या नकाशावर आले. मौज अशी की, चित्रकार जन्माने निंगबोचा आणि वाढलेला शांघायमध्ये. म्हणजे जे त्याचे गावच नव्हे त्या गावच्या आठवणीवर आज लक्षावधी माणसे माणशी शंभर युआनांचे तिकीट काढून येतात.

ही हकीकत मी पुलाच्या पायथ्याशी, खांद्यावर खांदे घासणाऱ्या गर्दीत, मोठ्या प्रयासाने सांगितली. बापूसाहेबांनी ती शांतपणे ऐकून घेतली. “म्हणजे,” ते म्हणाले, “1984 पर्यंत गाव ठीक होते.”

“पण तुम्ही तर 2004 साली आलात,” सौभाग्यवती म्हणाल्या.

“मी आलो तेव्हा थोडे शिल्लक होते.”

त्या शिल्लक वैभवाची मोजदाद करीत आम्ही हिंडलो. 1355 साली बांधलेल्या फूआन पुलाच्या चारी कोपऱ्यांवर चार माड्या आहेत. तेथे त्यांनी सांगितले की, पूर्वी या माड्यांतून वारा येत असे. 1742 साली उभारलेला शेन घराण्याचा वाडा सात चौकी, शंभराहून अधिक खोल्यांचा आहे. तेथे पूर्वी काळोख अधिक होता. झांग घराण्याच्या वाड्यातून प्रत्यक्ष कालवाच वाहत जातो, इतका की, धन्याची पालखी पुढच्या दाराने यावी आणि मालाची नाव घरातून पार व्हावी. तेथे ते वाकून पाण्याकडे पाहत बराच वेळ उभे राहिले आणि पाणी पूर्वीइतकेच हिरवे असल्याचा निर्वाळा त्यांनी दिला. दिवसभरात त्यांनी मंजूर केलेली ही एकच गोष्ट.

शेन घराण्याचा मूळ पुरुष शेन वानसान हा अपार श्रीमंत. नानजिंगच्या तटबंदीचा एक तृतीयांश खर्च त्याने पदरचा केला आणि वर सैन्यासही इनाम वाटण्याची इच्छा प्रदर्शित केली. तेव्हा मिंग वंशाच्या पहिल्या सम्राटाने, प्रजाजनाचे इतके औदार्य राज्यास हितावह नाही असे ठरवून त्याची रवानगी दूर युन्नानला केली, अशी दंतकथा आहे. इतक्या मोठ्या सावकाराचे नाव आज तेथे उरले आहे ते डुकराच्या शिजवलेल्या पायावर. गल्लीतल्या दर तिसऱ्या दुकानात साखर आणि सोया यांत तांबूस झालेले ते पाय रचून ठेवलेले असतात. दुकानदार त्यातले बारीक हाड अलगद उपसून काढतो आणि त्याच हाडाने, सुरीवाचून, मांस कापून देतो. आमच्यासमोर ते हाड लोण्यातून निघावे तसे निघाले. बापूसाहेबांनी पहिला घास तोंडात घातला, डोळे मिटले आणि म्हणाले, “पूर्वी हे हाड आपोआप सुटत असे.”

छिंगथ्वानच्या दुकानाशी मात्र त्यांनी सहनशक्तीचा अंत पाहिला. चिकट तांदळाच्या पिठात दवण्याच्या कुळातल्या पाल्याचा रस घालून, आत लाल चवळीसारख्या कडधान्याचे गोड पुरण भरून वाफवलेले हे हिरवेगार गोळे या सणाचे खास पक्वान्न. रांग मोठी होती. आपली पाळी येताच बापूसाहेबांनी दुकानवालीस विचारले की, पुरणात चरबी घातली आहे की तेल. तेल, ती म्हणाली. त्यांनी वेष्टनावरची यादी मागितली, चष्मा कपाळावर चढवला, ती अक्षर न अक्षर वाचली आणि जुने लोक डुकराची चरबी घालीत असत हे तिला ऐकवून, ती घातलेली नाही ना, असे पुन्हा विचारले. मागच्या मंडळींचा स्वर चढू लागला. ‘पूर्वीच्या पुरणास चरबी होती म्हणून आताचे नको’ अशी काही तक्रार असावी, असे समजून आम्ही दोघे समोरच्या पंख्यांच्या दुकानातील पंखे न्याहाळीत अनोळखी माणसांसारखे उभे राहिलो. अखेरीस दोन पेट्या घेऊन ते आले आणि त्या त्यांनी कोणाला हात लावू न देता स्वतःच्या पिशवीत ठेवल्या.

दुपारी आम्ही नाव केली. निळ्या छापील वस्त्राचा अंगरखा आणि डोक्यास तसाच रुमाल बांधलेली एक प्रौढ नावाडीण मागे उभी राहून एकाच लांब वल्ह्याने नाव चालवीत होती. काठाच्या दगडांत नावा बांधण्यासाठी कोरलेली वेसणीसारखी छिद्रे होती; त्यांवरून शतकानुशतके ओढलेल्या दोरांनी दगड गुळगुळीत झाला होता. बापूसाहेबांनी नावाडिणीशी बोलणे काढले. आमच्या सौभाग्यवतींना तोवर वर्गास जाऊन बरीचशी चिनी उमगू लागली होती, म्हणून त्या संवादाचा इतिवृत्तान्त आम्हांस अनुवादकाच्या कृपेवाचून मिळाला. आपण 2004 साली प्रथम येथे आलो, तेव्हाचे झौझुआंग काही वेगळेच होते, असे बापूसाहेबांनी तिला ऐटीत सांगितले.

“2004?” बाई वल्हे न थांबवता म्हणाली. “तेव्हा काय उरले होते! तुम्ही रस्ता होण्याआधी यायला हवे होते.”

नावेत निःशब्द शांतता पसरली. सौभाग्यवतींनी मुकाट्याने माझे मनगट दाबले. बापूसाहेब मात्र, आपलीच बंदिश दुसऱ्याच्या गळ्यातून ऐकणाऱ्या गवयासारखे, प्रथम चकित आणि मग प्रसन्न होत गेले. तेव्हा भाजी कशी येई, लग्नाची वरात नावेतून कशी जाई, सासू कोणत्या पायरीवर तांदूळ धूत असे, असे प्रश्न विचारता विचारता त्यांनी आमची नियोजित फेरी दुप्पट केली, गाण्याचे वेगळे पैसे दिले आणि ते गाणे पूर्वी याहून चांगले म्हणत असत असे तीच म्हणाली, तेव्हा मोठ्याने हसले.

या गृहस्थाविषयी चार बरे शब्द लिहिणे जिवावर येते. पण नोंद यथातथ्य असावी. घर घेऊन राहणाऱ्या परकीय माणसाने चोवीस तासांच्या आत पोलीस ठाण्यात वर्दी दिली पाहिजे, असा येथला कायदा आहे. आणि भाषेचा गंध नसलेल्या किती मराठी बिऱ्हाडांना त्या खिडकीशी त्यांनी हाताला धरून नेले, याची गणती नाही. उडदाची डाळ, हिंग, ताजी मेथी कोठे मिळते ते त्यांना विचारावे. 2022 च्या वसंतात सारे शहर दोन महिने कुलूपबंद झाले, तेव्हा इमारतीगणिक गटखरेदी चालत असे. त्यात शाकाहारी कुटुंबांसाठी बटाटे, टोमॅटो आणि दूध मिळवण्याचा बंदोबस्त फोनवरून याच माणसाने केला. कुलूप उघडल्यावर ज्यांना जाता आले ते गेले. कोणी सिंगापूरला, कोणी टोरांटोला, बरेच पुण्याला. बदलीच्या नोकऱ्यांचा हा गाव. दर तीन-चार वर्षांनी येथली पंगत उठते आणि नवी बसते, वाढपी तेवढा तोच. जोडपुलावर आमचे छायाचित्र घेताना, त्या पहिल्या वेळी पायरीवर कोणते जोडपे उभे होते आणि कोणाच्या मुलाने पाण्यात बूट टाकला होता, हे त्यांनी आम्हांला जागा दाखवून सांगितले. त्या मंडळींपैकी शांघायमध्ये आज कोणी नाही. बूट टाकणारा मुलगा बापूसाहेबांचाच. तो आता बंगळूरला असतो.

परतीच्या वाटेवर गर्दी सकाळच्या दुप्पट. शहराच्या पश्चिमेस आमचे घर; ते दृष्टिपथात आले, तसे बापूसाहेबांनी सांगितले की, आपणांस पूडोंगच्या विमानतळावर सोडावे. तो शहराच्या अगदी पूर्व टोकाला. मी स्वाभाविकच कपाळाला आठ्या घातल्या. “रात्री साडेअकराला एक नवे जोडपे उतरते आहे,” ते म्हणाले. “मुलगी कोल्हापूरची. मांसाहार नाही, अंडेसुद्धा नाही.” घड्याळात आठ वाजत होते. इतक्या लवकर जाऊन काय करणार, असे सौभाग्यवतींनी विचारले; त्यावर विमान वेळेआधीही येते, असे त्यांचे उत्तर आले. विमानतळाच्या दाराशी त्यांनी डुकराच्या पायाची पिशवी आमच्या हवाली केली, छिंगथ्वानच्या दोन्ही पेट्या सरळ धरल्या आहेत ना हे तपासले, आणि एकीवरची यादी दिव्याखाली आणखी एकदा वाचून पाहिली.