वाळवंटवीर

खराडी-वाघोलीकडच्या प्रत्येक मोठ्या सोसायटीत एक वाळवंटवीर असतो. तो गाडीवरून ओळखायचा. टपावर घडीचा तंबू, बाजूला वीस लिटरचा कॅन आणि मागे फावडं. सोमवार ते शुक्रवार हे फावडं ऑफिसच्या पार्किंगमध्ये उभं असतं.

अमेरिकेतल्या यूटाचे व्हिडिओ रात्री दोनपर्यंत बघून त्याची खात्री पटलेली असते, की वाळवंट आपल्याकडेही आहे, फक्त लोकांनी दडवून ठेवलंय. कुठे? तर शिरूर आणि दौंड! सह्याद्रीनं ढग अडवले की इकडे ठणठणीत, हे त्याचं म्हणणं खोटं नाही. पण इथं वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि वाळवंट म्हणवून घ्यायला अडीचशेच्या आत राहावं लागतं, हे त्याला सांगू नये. घोड-भीमेकाठच्या उसाबद्दलही बोलू नये. उसाला तो ‘ओॲसिस’ म्हणतो. त्यात बिबट्या असतो असं कुणी सांगितलं, की मात्र गाडीच्या काचा वर जातात.

पाण्याची काटकसर हा त्याचा पहिला नियम. पोरांना तो बाटलीच्या झाकणानं चूळ भरायला लावतो. समोर रसवंतीचं घुंगरू वाजत असतं.

पहिला टप्पा टाकळी हाजीचं कुंड. कुकडीच्या अलीकडे शिरूर तालुका, पलीकडे पारनेरातलं निघोज. पुराच्या भोवऱ्यात दगडगोटे हजारो वर्षं गरगरले आणि काळ्या कातळाला रांजणाएवढे खळगे पडले. जागा अशी अचाट, की आपण गप्प व्हावं. तो होत नाही. ‘ग्रँड कॅन्यन!’ असं ओरडून तो दोर, हुक, हेल्मेट बाहेर काढतो. त्याची पहिली गाठ बसेपर्यंत मळगंगेच्या दर्शनाला आलेल्या दोन नऊवारी आज्या त्याच कातळावरून अनवाणी पुढे गेलेल्या असतात. जाता जाता ‘सावकाश बरं का, बाळा’ एवढं सांगतात.

मग गुहा. पारनेर तालुक्यातच टाकळी ढोकेश्वरला डोंगरात कोरलेलं जुनं लेणं आहे. सप्तमातृका बघाव्यात तर तिथल्या. हा कपाळाला बॅटरी बांधून, वटवाघळांची मानसिक तयारी करून दाराशी पोचतो, तर आत महादेव. म्हणजे जोडे बाहेर! त्या घोट्यावरच्या बुटांच्या नाड्या सुटेपर्यंत बायकापोरांचं दर्शन, प्रदक्षिणा, प्रसाद, सगळं उरकतं.

तिथून उलटं शिरूर, न्हावरा, पारगावचा भीमेवरचा पूल आणि केडगाव. संध्याकाळी तो वडिलांना फोन करतो, ‘बाबा, आज मुक्काम चौफुल्याजवळ.’ पलीकडे बराच वेळ शांतता. चौफुल्याची ख्याती वडिलांच्या पिढीला ढोलकीसकट ठाऊक. शेवटी ते विचारतात, ‘सूनबाई बरोबर आहे ना?’

तंबू ठोकायला त्याला निर्मनुष्य माळ हवा असतो. दौंड तालुक्यात सगळं मिळेल, निर्मनुष्य जागा मिळणार नाही. पहिली खुंटी ठोकेपर्यंत मोटारसायकलवरचे तिघं ‘कुठले पाहुणे?’ विचारून जातात. एक जण तर सासरवाडीची ओळखही काढतो. शेवटी येतो पलीकडच्या वावरात वाडा टाकलेला म्हातारा धनगर. दिवाळी झाली की मेंढरं, घोडी, कोंबड्या, लेकरं घेऊन हा कोकणाकडे निघणार आणि पावसाळ्याच्या तोंडावर परतणार. याच्या सामानात फावडं नाही. तो तंबूभोवती एक चक्कर मारतो, चेन उघडून आत डोकावतो.

‘वावर कुणाचं?’

‘एकांनी कॅम्पसाइट केलीय.’

‘आमी रातीला मेंढरं बसवली का शेतकरी धान्य देतो, पैसं देतो. खत व्हतं न्हवं रानाला. तुमाला काय देतो?’

‘आम्हाला नाही देत. आम्हीच देतो. माणशी हजार.’

म्हातारा तंबूकडे बघतो, चौघांची मोजणी करतो आणि कळवळून म्हणतो, ‘आरं, मग माझी धा-बारा मेंढरं तरी घेऊन बसायचं की!’