चुकांचा कारभारी

दिवसा लेखापरीक्षण खात्यात बसून परक्यांच्या हिशेबातील पै-पैची चूक उकरून काढणारा, आणि रात्री घरात निजानीज झाल्यावर कानांवर हेडफोन चढवून एका निर्दोष यंत्राच्या पोटात स्वहस्ते चुका पेरीत बसणारा जो गृहस्थ अलीकडे ठाणे-डोंबिवलीकडील दोन खोल्यांच्या संसारांतून आढळू लागला आहे, त्याची दखल आमच्या समाजशास्त्रज्ञांनी अद्याप घेतलेली दिसत नाही. तो गीते रचतो, त्यांना चाली लावतो, गिटारही बऱ्यापैकी छेडतो. परंतु ड्रमचा सगळा सरंजाम सोसायटीच्या सदनिकेत आणण्यास सचिवांची, शेजाऱ्यांची आणि मुख्यत्वे पत्नीची मंजुरी मिळण्याचा संभव नसल्यामुळे तालाची सारी भिस्त त्याला संगणकावर ठेवावी लागते. एवढ्यावर भागले असते तर लेखणी उचलण्याचे कारण नव्हते. पण त्याची प्रतिज्ञा अशी, की ऐकणाऱ्याला वाजवणारा हाडामांसाचा आहे, घामाघूम झालेला आहे आणि बिदागीबद्दल किंचित नाराजही आहे, असे वाटले पाहिजे.

यंत्राची प्रकृती याच्या नेमकी उलट. १९८० साली रॉजर लिन या अमेरिकन गृहस्थाने खऱ्या ड्रमचे मुद्रित ध्वनी पोटात साठवणारे पहिले तालयंत्र, एलएम-१, बाजारात आणले, तेव्हा वादकाचा डळमळीत ठोका उचलून बिनचूक जागी बसवण्याची सोय त्यात होती आणि लोकांनी ती वरदान मानली. आमचा कारभारी जागच्या जागी बसलेला ठोका उठवून बाहेर काढतो. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत दोन ठोक्यांमधील अंतर ५०० मिलिसेकंद. त्यांतला स्नेअर तो दहा मिलिसेकंद मागे ओढतो, डोळे मिटून ऐकतो, असमाधानाने मान हलवतो आणि बारावर नेऊन ठेवतो. मिडी पद्धतीत आघाताचे बळ १ ते १२७ अशा अंकांनी मोजतात. नवशिका सरसकट १२७ भरून मोकळा होतो. हा मात्र, जमाबंदीच्या कारकुनाने शेताशेताची प्रत ठरवावी तशी, हाय-हॅटच्या एकेका आघाताची प्रतवारी लावतो: ९२, ६१, ८८, ५७. मुख्य ठोक्यांच्या मधल्या फटींत तो पंचविशीच्या आतबाहेरच्या बळाच्या घोस्ट नोटा दडवतो, ज्यांचे अस्तित्व त्याच्याखेरीज कोणाला कळण्याची सुतराम शक्यता नसते, आणि एकच मुद्रित ध्वनी लागोपाठ वाजून मशीनगन सुटल्याचा भास होऊ नये म्हणून दर ठोक्याला निराळा नमुना येतो की नाही, हे कान देऊन तपासतो.

त्याचा खरा संताप पाहायचा असेल तर त्याच्यासमोर 'ह्यूमनाइज' या बटणाचे नाव काढावे. ते बटण दाबले की संगणक ठोके आपल्या मर्जीप्रमाणे पुढेमागे फेकतो आणि आळशी लोक त्यालाच मनुष्यपणा समजतात. "माणूस वाटेल तसा चुकत नाही," हा आमच्या गृहस्थाचा सिद्धांत, आणि मला तो सर्वथा मान्य आहे. धृपद जवळ आले की वादक नकळत पुढे सरकतो, कडवे शांत असले की मागे रेलतो, लांबलचक फिलच्या अखेरीस त्याची घाई होते. तबलजीही समेच्या तोंडाशी हात का भारी करतो, हे मैफलीत बसणाऱ्याला सांगावे लागत नाही. तेव्हा प्रत्येक चुकीला सबळ कारण हवे, आणि ते कारण कारभाऱ्याच्या वहीत तपशीलवार नोंदलेले असते.

मनुष्याला हात दोन आणि पाय दोन, हे त्याच्या कायद्यातील सर्वांत कडक कलम होय. कोणी नवखा टॉमवर फिल चालू असताना हाय-हॅटही वाजता ठेवून वर क्रॅश घालील, तर हा तत्काळ तिसऱ्या हाताचा दाखला मागतो. स्वतःच्याच कामाविषयी संशय आला तर मध्यरात्री स्वयंपाकघरातून दोन डाव आणून तो स्टुलावर बसतो, उजवीकडच्या गव्हाच्या डब्याला फ्लोअर टॉम आणि डावीकडच्या कॅलेंडराला क्रॅश मानतो, आणि मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीतील एका षोडशांशात, म्हणजे १२५ मिलिसेकंदांत, उजवा हात इकडून तिकडे पोचतो की नाही, याची जागेवर पाहणी करतो. न पोचल्यास फिल नामंजूर. पाणी प्यायला उठलेल्या पत्नीने एकदा हा देखावा पाहून "अहो, हे काय?" असे विचारले, तेव्हा डाव खाली न ठेवता त्याने उत्तर दिले, "रुजुवात."

या पंथाला स्वतःचे तीर्थक्षेत्रही आहे. लेड झेपेलिनच्या १९७० च्या तिसऱ्या ध्वनिमुद्रिकेत 'सिन्स आय हॅव बीन लव्हिंग यू' या गीतात जॉन बॉनमच्या पायाखालचे पेडल कुरकुरताना स्पष्ट ऐकू येते. इतरांच्या दृष्टीने तो तेल न घातल्याचा परिणाम. आमच्या गृहस्थाने मात्र घरच्या कपाटाच्या बिजागरीची कुरकुर मुद्रित करून आपल्या किकखाली अगदी हलक्या आवाजात अंथरली आहे, आणि त्या कपाटाला तेल घालण्यास घरात सक्त मनाई आहे.

अशा रीतीने महिनोन्महिने खपून ताल सिद्ध झाला, की गाण्याची पाळी येते. ते तो स्वतःच गातो. पण तेथे पंचम जरा उतरलेला दिसताच त्याच्यातला लेखापरीक्षक खडबडून जागा होतो. मग तो आपला गळा १९९७ साली निघालेल्या ऑटो-ट्यूनच्या स्वाधीन करून प्रत्येक स्वर रेषेवर बसवतो, श्वास छाटतो, कंप पुसतो आणि तासाभरात दप्तर बंद करतो.

तयार झालेले गाणे प्रथम भाच्याला ऐकवण्यात आले. त्याने ते मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरवर ऐकले, ज्यातून किक ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता, मग तिच्याखालची बिजागरी कुठली! तरी तो म्हणाला, "मामा, ड्रमवाला खराखुरा आणलात की काय? झकास वाजवलंय. गाणं मात्र कॉम्प्युटरकडून म्हणवून घेतलंत ना?" मामांनी तिन्ही वाक्ये तारीखवार वहीत उतरवून घेतली आहेत. पहिल्या दोहोंखाली दुहेरी रेघ आहे. तिसऱ्यापुढे लाल शाईने 'अप्रस्तुत' असा शेरा आहे.