बाजार खुला, पण भाव चढेपर्यंतच

१४ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. दुसऱ्याच दिवशी लोकसभेने जीवनावश्यक वस्तू कायद्यातली दुरुस्ती मंजूर केली. कांदा-बटाट्यावरचे निर्बंध सैल झाले, शेतकरी मोकळा झाला, असं सांगण्यात आलं. तेव्हा बंदरांत कांद्याचे कंटेनर अडकून पडले होते. पुढच्या वर्षी ती दुरुस्तीही मागे घेतली गेली. निर्यातीचा नळ मात्र सरकारच्याच हातात राहिला.

ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क. डिसेंबरमध्ये थेट बंदी. मे २०२४ मध्ये बंदी उठली, पण टनाला किमान ५५० डॉलरच्या अटीवर आणि ४० टक्के शुल्क लावून. ते पुरतं हटायला १ एप्रिल २०२५ उजाडला. साठवणीच्या चाळीत कांदा भरताना यातली एकही तारीख शेतकऱ्याला ठाऊक नव्हती.

उन्हाळी कांदा पिकवणारा माणूस पुरता उद्योजक आहे. रोपं, लागवड, काढणीची मजुरी, सगळा पैसा आधी त्याचा जातो. मग माल चाळीत पडतो. तिथे वजन घटतं, पावसाळी हवेत कांदा सडतो, मोड येतात. घरची माणसं चाळ फोडून सडका फेकतात, गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, वेगळी काढतात, उरलेला ट्रॅक्टरमध्ये भरून लिलावाला नेतात. भाव पडला तर तो मागणी-पुरवठ्याचा खेळ. भाव चढला की रातोरात अधिसूचना. तोटा त्याचा एकट्याचा, नफ्यावर मात्र टाच.

शहरातल्या गरिबाला कांदा परवडला पाहिजे, यात वाद नाही. त्यासाठी सरकारने लिलावात उतरावं, चालू भावाने घ्यावा, स्वस्तात विकावा. फरक तिजोरीतून जावा, शेतकऱ्याच्या खिशातून नव्हे. बंदी एका दिवसात उठते. भरवसा उडालेलं परदेशी गिऱ्हाईक तसं परत येत नाही.

चाकणच्या कांदा आंदोलनातून उभे राहिलेले शेतकरी नेते शरद जोशी आयुष्यभर शेतकऱ्यासाठी बाजाराचं स्वातंत्र्य मागत राहिले. त्या स्वातंत्र्याची पहिली पायरी साधी आहे: लागवडीआधी निर्यातधोरण जाहीर करा, हंगाम संपेपर्यंत ते बदलणार नाही असं कायद्यात लिहा, आणि मोडलं तर भरपाई द्या. एवढं लिहून द्यायची तयारी नसेल, तर बाजार खुला केला असं शेतकऱ्याला पुन्हा सांगू नका.