एकच मिनिट, पाव्हणं

मोबाइलवर बुद्धिबळ खेळणारा एक तरी माणूस तुमच्या घरात असणारच, तेव्हा ओळख करून देत बसत नाही. आमच्याकडचे ते म्हणजे दाजी. गाव विट्याजवळ, धंदा गलाईचा. म्हणजे जुन्या सोन्याची मोड गाळून शुद्ध करून द्यायची. खानापूर-आटपाडीकडची माणसं दुष्काळाला कंटाळून या धंद्यात देशभर पांगली, तसे दाजी बेंगळुरूला आले. ज्या शहराची जहागिरी १६३८ नंतर शहाजीराजांकडं होती, तिथं चिकपेटेत एका जिन्याखाली दाजींना आठ बाय दहा मिळालं.

मागच्या महिन्यात मी मेट्रोतून उतरलो, साड्यांचे गठ्ठे डोक्यावर घेतलेल्या हमालांचे धक्के खात घामाघूम होऊन दुकानात पोचलो. दाजींनी मान वर न करता स्वागत केलं, "एकच मिनिट, पाव्हणं."

हे मिनिट समजून घ्या. बुलेट नावाच्या या प्रकारात अख्ख्या डावाला प्रत्येकी साठ सेकंद मिळतात. चाळीस खेळ्यांचा डाव झाला तर खेळीला दीड सेकंद. एक मिनिट दाजींचं, एक समोरच्याचं. म्हणजे दाजी खोटं बोलत नाहीत, निम्मंच सांगतात. हरले तर लगेच दुसरा डाव, कारण हरून उठायचं नसतं. जिंकले तर तिसरा, कारण हात बसलेला असतो. मला पाणी मिळालं तेव्हा समोरच्या दुकानाचं शटर अर्धं खाली आलं होतं.

गिऱ्हाईक कन्नड असलं तर "ओंद् निमिषा", मारवाडी असलं तर "एक मिनट, सेठ". यांना चार भाषा येतात, असं बहीण कौतुकानं सांगते. चारही भाषांत येतं ते हेच वाक्य.

रेटिंग दीड हजार झालं की खेळ बंद, अशी त्यांची शपथ आहे. ती तीन वर्षं चालू आहे. त्यासाठी काय काय केलं! बोट जाडं पडतं म्हणून लॅपटॉप आणि माउस घेतला. पहिल्या आठ खेळ्या ठरवून टाकल्या. समोरचा काही का करेना, दाजींच्या आठ ठरलेल्या. मग प्रीमूव्ह आला. समोरच्याची खेळी व्हायच्या आधीच आपली लावून ठेवायची, म्हणजे घड्याळ जवळजवळ खर्च होत नाही. ही विद्या दाजींनी संसारातही आणली. ताट समोर यायच्या आत ते म्हणतात, "झकास झालंय." एकदा बहीण म्हणाली, "मी चार दिवस माहेरी जाते." दाजी म्हणाले, "झकास झालंय." ती आठ दिवस राहून आली.

त्यांचे विजयही ऐकण्यासारखे. समोरच्याकडं वजीर आणि दोन हत्ती, दाजींकडं राजा आणि एक प्यादं. पण घड्याळ त्याचं संपलं, दाजी जिंकले! पुढच्या डावात ते प्यादंही गेलं. समोरच्याचा वेळ संपला, तरी नुसत्या राजानं मात होत नाही म्हणून डाव बरोबरीत सुटला. हा अन्याय त्यांनी मला दोनदा सांगितला. "टाइम त्याचा पडला, मग मी जिंकलो कसा न्हाई?"

मी म्हटलं, जरा विचार करून खेळावं. तर आनंदचा दाखला आला. तोही लहानपणी भराभर खेळायचा, 'लायटनिंग किड' म्हणायचे त्याला. खरं आहे. फरक एवढाच, की आनंद पट बघून झाल्यावर भराभर खेळायचा. आणि विट्याचं म्हणजे सांगली जिल्ह्याचं पाणी? बुद्धिबळातल्या भाऊसाहेब पडसलगीकरांची सांगली, भाग्यश्री साठे, स्वाती घाटे यांची सांगली! त्या पाण्याला दीड सेकंदात काय चव येणार?

आता एक गोष्ट नाइलाजानं सांगतो. संध्याकाळी भट्टी पेटली आणि दाजींनी फोन ड्रॉवरमध्ये टाकून कुलूप लावलं. गिऱ्हाइकासमोर मोड तोलली, मुशीत घातली, चिमूटभर टाकणखार टाकला. सोनं १०६४ अंशांना वितळतं. तोवर हा माणूस हलला नाही, बोलला नाही. मुशीतला रंग बघत राहिला. गिऱ्हाईक घाई करत होतं. दाजी म्हणाले, "त्याला लागंल तेवढा वेळ लागंल."

ते बघून मला वाटलं, यांना लांब डाव जमेल. बुलेट सुधारायची तर सावकाश खेळावं, हे जाणकारही सांगतात. रात्री जेवणं झाल्यावर मी अर्ध्या तासाचा डाव लावून दिला. ठरलेल्या आठ खेळ्या झाल्या आणि दाजी थांबले. नऊ मिनिटं पटाकडं बघत होते. मला वाटलं, काहीतरी खोल शिजतंय. त्यांनी डाव सोडला आणि लॅपटॉप मिटला.

"काय झालं?"

"लांब डावात गाव आठवतंय हो. चौदाव्या वर्षी मामानं आणलं हितं. आई आठवती, आटलेली हीर आठवती, कर्जाचा आकडा बी आठवतो." जरा वेळानं म्हणाले, "एका मिनिटात कुणाचा बाप आठवत न्हाई."

परवा बहिणीचा फोन आला. दाजी १४९६ वर पोचले आणि त्याच रात्री सलग अकरा डाव हरले. ते सगळे नशिबानं हरले असं मला वाटत नाही. पण ती शपथ तीन वर्षं टिकलीय, तर मी कशाला बोलू?

तुम्हाला मोड गाळून घ्यायची असेल, तर भट्टी पेटलेली असताना जा. त्या वेळी दाजी एक मिनिटही मागत नाहीत.